मलमपट्टीची तालीम

संगणकावरील खेळांविषयी वडीलधाऱ्यांच्या मनात जो सरसकट तिटकारा असतो तो घटकाभर बाजूस ठेवून ‘प्रोजेक्ट झॉम्बॉईड’ नामक खेळाकडे पाहण्याची तसदी कोणी घेतली, तर प्रेते उठून माणसांच्या मागे लागल्याच्या त्या बीभत्स कल्पनेआड एक विलक्षण शिस्तशीर गोष्ट त्याच्या दृष्टीस पडेल. ‘द इंडी स्टोन’ या ब्रिटिश मंडळींनी रचलेल्या या खेळात अमेरिकेच्या केंटकी प्रांतातील १९९३ सालचा एक मुलूख साथीने उद्ध्वस्त झालेला आहे, आणि त्यात तग धरू पाहणाऱ्यास सुतारकाम, स्वयंपाक, शेती यांच्या जोडीने जखमेवर उपचार करण्याची विद्याही पायरीपायरीने हस्तगत करावी लागते. काच रुतली असेल तर ती आधी काढावी, जखम निर्जंतुक करावी, खोल असल्यास टाके घालावेत, मग पट्टी बांधावी आणि ती मळली की बदलावी, असा हा क्रम आहे. त्याहून मोलाची गोष्ट ही की, आसपास धोका उरलेला नाही याची खातरजमा केल्यावाचून जो पट्टी बांधत बसतो, तो बहुधा पट्टीसकट प्राणास मुकतो.

ही शेवटची शिकवण क्षुल्लक नव्हे, हे भिलईच्या परिसरात राहणाऱ्यांस निराळे सांगावयास नको. १२ जून २०१४ रोजी भिलई पोलाद कारखान्यात विषारी वायूची गळती होऊन सहा माणसे दगावली, त्यांत दोन वरिष्ठ अधिकारीही होते. त्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. त्यामुळे कोसळलेल्या सोबत्यास उचलण्यासाठी मुखवट्यावाचून धावणारा सहृदय मनुष्य हाच पुष्कळदा दुसरा बळी ठरतो. प्रथमोपचाराच्या कोणत्याही वर्गात आधी स्वतःची सुरक्षितता पाहावयास शिकवतात ते याच कारणासाठी, आणि शिकवणाऱ्यांचा अनुभव असा की, हा एवढा एक धडा शिकणाऱ्याच्या गळी उतरविणे सर्वांत कठीण जाते. जो मुलगा खोलीचे दार लावून घेतल्याशिवाय आपल्या पडद्यावरील पात्राच्या हाताला चिंधीही गुंडाळीत नाही, त्याच्या अंगी तो आपसूक बाणलेला असतो.

परंतु याच खेळात एक मोठे वैगुण्यही आहे. तेथे उपचाराची विद्या वाढते ती प्रत्यक्ष जखमांवर हात चालवून. पुस्तके वाचून शिकण्याची गती तेवढी वाढते, विद्या मात्र रक्त सांडल्यावाचून पदरात पडत नाही. परिणामी चतुर खेळाडू आपल्या पात्रास फुटक्या काचांवरून अनवाणी चालवतात आणि तळपायांवर पट्ट्या बांधण्या-सोडण्याचा परिपाठ ठेवून पायरी चढतात! मला या युक्तीचे हसूही येते आणि तिच्यातील तर्कही कळतो. प्रत्यक्षात मात्र याच्या नेमके उलट घडते. भिलईजवळच्या उतईस केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे नवसैनिक प्रशिक्षण केंद्र आहे. अशा कोणत्याही तालमीत मलमपट्टी शिकवतात ती धडधाकट सोबत्याच्या धडधाकट हातावर, जखम होण्याच्या कितीतरी आधी, आणि कंटाळा येईपर्यंत. हात बसलेला असावा लागतो तो संकट नसताना, कारण संकटाच्या वेळी विचार करावयास सवड नसते, आणि माणसाची बुद्धी त्या क्षणी नेमकी दगा देते.

तथापि खेळातून काहीच पदरात पडत नाही असे म्हणणेही सत्यास धरून होणार नाही. अमेरिकेच्या भूसेनेने २००२ साली ‘अमेरिकाज आर्मी’ हा खेळ प्रसृत केला, तेव्हा त्यात सैनिकी परिचारक होऊ इच्छिणाऱ्यास आधी पडद्यावरच्या वर्गात व्याख्याने ऐकून परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट घातली होती. नोव्हेंबर २००७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील महामार्गावर एक गाडी उलटली असता, सैन्यात कधीही पाऊल न ठेवलेल्या एका खेळाडूने आतील दोघांस बाहेर काढले, बोटे तुटलेल्या चालकाच्या हातावर टॉवेल दाबावयास लावून तो हात उंच धरावयास सांगितले, आणि हे आपण त्या खेळातील वर्गातच शिकलो असे पुढे कळविले. खेळाच्या निमित्ताने का होईना, तो खऱ्या पाठ्यक्रमाच्या बाकावर बसला होता, हे येथे विसरता कामा नये.

झॉम्बींच्या खेळातील दुसरी गफलत अधिक घातक वाटते, ती चाव्याविषयीची. नेहमीच्या नियमांप्रमाणे तेथे ओरखड्यातून साथ जडण्याचा संभव शंभरात सात, फाटलेल्या जखमेतून शंभरात पंचवीस, आणि चाव्यातून मात्र शंभरात शंभर. मग वैद्य असो वा परिचारिका, उपाय नाही. ही कल्पना जिच्या अगदी जवळ जाते, त्या पिसाळलेल्या श्वानाच्या दंशाचा न्याय याहून फार दयाळू आहे. रोगाची लक्षणे एकदा प्रकट झाली की मृत्यू जवळजवळ अटळ, हे खरे; पण दंश आणि लक्षणे यांमध्ये बहुधा काही आठवड्यांचा अवधी असतो, आणि १८८५ मध्ये पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला लस टोचली तेव्हापासून तो अवधी माणसाच्या हाती आला आहे. जखम पंधरा मिनिटे साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुणे हा त्या उपचाराचा पहिला व फुकटचा भाग. कारण या रोगाच्या विषाणूचे स्निग्ध आवरण साबणाने विरते. त्यानंतर लशीच्या सर्व मात्रा ठरल्या दिवशी, आणि दंशाने कातडी भेदली असल्यास जखमेभोवती प्रतिद्रव्याची टोचणी. असे असता आपल्याकडे आजही चाव्यावर हळद, चुना, तिखट यांचा लेप चढतो आणि नळ कोरडाच राहतो. पावसाळ्यात सर्पदंशाच्या बाबतीत तर याहून उलटी करामत दिसते. अंग करकचून आवळणे, पात्याने चिरणे, तोंडाने विष ओढणे ही चित्रपटी धडपड निरर्थकच नव्हे तर अपायकारक आहे. दंश झालेला अवयव न हलविता, रुग्णास चालू न देता, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकरात लवकर पोहोचविणे एवढेच सामान्य माणसाचे काम. येथे पट्टी बांधण्याच्या उत्साहापेक्षा हात आवरण्याचे ज्ञान अधिक उपयोगी पडते, आणि ते कोणत्याही पडद्यावर मिळत नाही.

मुलांच्या हातून हा खेळ काढून घ्यावा, अशी मागणी करणाऱ्यांत मी नाही. त्याने जी भूक जागविली आहे तिला खरे अन्न पुरविण्याची तजवीज उतईत सहज होऊ शकते, एवढेच माझे म्हणणे आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी आणि ती सांभाळण्यास मान्यताप्राप्त दाखला असलेला एक जबाबदार मनुष्य असावा, असा दंडक घालून दिला. त्यामुळे या पंचक्रोशीत, भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात वसलेल्या मराठी घरांतही, असे दाखलेवाले कामावरचे आणि निवृत्त झालेले आढळावेत. कारखान्याच्या फाटकाबाहेर त्यांच्या त्या विद्येस कोणी विचारीत नाही, ही मला मोठी नासाडी वाटते. अपघातग्रस्तास मदत केली तर पोलीस व कचेरीचा ससेमिरा पाठीस लागेल ही जुनी भीतीही आता सबळ नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देणारे कलम १३४ अ घातले गेले आहे.

अर्धवट विद्या धोक्याची, असा आक्षेप येईल. पण शून्य विद्या काय करते ते वर चुन्याच्या लेपात दिसलेच आहे. नगर पंचायतीने एखाद्या शाळेचा वर्ग रविवारी मोकळा करून द्यावा, निवृत्त दाखलेवाल्याने शिकवावे, आणि सुरक्षा दलाच्या केंद्रातील एखाद्या प्रशिक्षकास महिन्यातून एकदा पाहुणा म्हणून बोलवावे. छाती दाबून हृदय चालते ठेवण्यास शिकविणारा पुतळा महाग असतो, त्याची तरतूद सावकाश होईल. त्रिकोणी पट्टीचे मात्र तसे नाही. मीटरभर लांबीरुंदीच्या चौकोनी मांजरपाटास कर्णावर कात्री लावली की दोन होतात. मुलांना बोलावताना जाहिरातीत झॉम्बींचे चित्र छापावयास माझी हरकत नाही. गर्दी त्यानेच होईल.