लहरी सर्वांच्या, मग वाडीला केंद्र का नको?

‘घरोघरी मोबाईल आला, आता आदिवासींना स्वतःचे रेडिओ केंद्र कशाला?’ असे विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या ठाकूर आणि कातकरी वाड्या पाहाव्यात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. रिचार्ज संपला की मोबाईल अडतो. शिवाय त्यावर काय दिसावे हे वाडी ठरवत नाही. रेडिओला ना रिचार्ज लागतो, ना अक्षरओळख.

आकाशवाणी आहेच, असे कोणी म्हणेल. तिचे मोल मोठे आहे. पण एकेका वाडीचे रेशन, जातीचे दाखले, वनहक्काचे दावे यांची रोजची विचारपूस मुंबईच्या केंद्राला कशी जमावी? २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका देशाने टीव्हीवर पाहिली. त्या पावसात नदीकाठच्या वाड्यांनी काय सोसले, हे त्यांच्याच तोंडून किती जणांनी ऐकले?

‘त्यांना हे जमणार नाही’ हे म्हणणे तर अपमानास्पद आहे. तेलंगणातल्या माचनूरमध्ये १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झालेला संघम रेडिओ खेड्यातल्या दलित स्त्रियांनी चालवून दाखवला.

उरला बातम्यांचा धाक. केंद्र सरकारच्या २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले, पण स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई केली. खासगी वृत्तवाहिन्यांना चोवीस तास मुभा आणि दहा-बारा किलोमीटर ऐकू येणाऱ्या केंद्राला बंदी, हा न्याय नव्हे. बारवी धरणाचे पाणी उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरला येते. त्या धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचे पुढे काय झाले, हे सांगायचे तर ती बातमीच होणार. तीच वगळली तर केंद्राकडे गाणी आणि सरकारी सूचना उरतात.

प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला. संयुक्त राष्ट्रांच्या १३ सप्टेंबर २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याचे १६ वे कलम आदिवासींना स्वतःच्या भाषेत स्वतःची माध्यमे उभारण्याचा हक्क देते. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. मग केंद्र सरकारने बातम्यांची बंदी उठवावी आणि अर्जदार संस्था तीन वर्षे जुनी असण्याची अट आदिवासी ग्रामसभांसाठी काढून टाकावी. बदलापूर-अंबरनाथच्या महाविद्यालयांनी, संस्थांनी परवान्याच्या कागदपत्रांना हातभार लावावा. कार्यक्रम काय असावेत हे मात्र वाडीलाच ठरवू द्यावे.