टाकी भरत आली की पंप कोण थांबवणार?

गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की घरात एकच ओरडा होतो, "अरे, मोटर बंद करा!" तिथे फार तर पाणी वाया जातं. हीच चूक समुद्रात उभ्या असलेल्या जहाजावर झाली तर?

जहाजात इंधन भरण्याला बंकरिंग म्हणतात. तेलाची बार्ज जहाजाला लागून उभी राहते, जाड होज जोडतात आणि पंप सुरू होतो. पेट्रोल पंपावर टाकी भरली की नोझल आपोआप बंद होतं. जहाजावर त्या भरवशावर राहता येत नाही. टाकी जास्त भरली की तेल हवेच्या नळीतून डेकवर येतं आणि तिथून समुद्रात.

२८ ऑक्टोबर २०२४ रोजी सिंगापूरला चांगीजवळच्या समुद्रात एका मालवाहू जहाजात इंधन भरताना सुमारे ५ टन तेल ओसंडलं. जहाजांना जगात सर्वाधिक इंधन विकणारं हे बंदर! तिथे नियमांची वा अनुभवाची वानवा नाही.

उपाय तसे साधेच आहेत. डेकवरचं पाणी जाण्याची भोकं बुचांनी बंद करायची, होजच्या जोडाखाली ट्रे ठेवायचा, टाकीची पातळी सारखी मोजायची, टाकी काठोकाठ भरायची नाही. मार्पोल करारानुसार ४०० ग्रॉस टन व त्याहून मोठ्या जहाजांवर तेल सांडल्यास काय करायचं याचा आराखडाही असावाच लागतो.

मग अडतं कुठे? माझ्या मते घाईत. टाकी भरत आली की पंपाचा वेग कमी करावा लागतो, म्हणजे वेळ वाढतो. जहाजाला निघायचं असतं, बार्जला पुढचं गिऱ्हाईक गाठायचं असतं. त्यात पंप बार्जवर, टाकी जहाजावर आणि मधे वॉकीटॉकी, कधी कधी भाषाही वेगळी. चेकलिस्टवर सह्या मात्र आधीच झालेल्या!

म्हणून मला वाटतं, टाकीवर लक्ष ठेवणारा खलाशी कितीही कनिष्ठ असो, तो "थांबा" म्हणाला की बार्जवाल्यांनी आधी पंप बंद करावा, कारण नंतर विचारावं. नियमात हे आहेच, असं कुणी म्हणेल. पण वर्गात शंका विचारायला हात वर करताना तुम्ही किती वेळा कचरता? तोही तसाच कचरतो. त्याचा अंदाज चुकला तरी त्याला कुणी ओरडू नये. पंप पुन्हा सुरू करायला काही मिनिटंच जातील.