मुखवटा ढिला झाला, तर सांगा

तोंडाच्या वा घशाच्या कॅन्सरला 'शेक' द्यायचे ठरले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "मशीन कुठले चांगले?" हल्ली त्यात 'रोज बदलणाऱ्या रेडिएशन'ची भर पडली आहे. रुग्णाला टेबलावर झोपवून आतले चित्र घ्यायचे आणि त्या दिवशीच्या शरीराप्रमाणे किरणांचा आराखडा तिथल्या तिथे सुधारायचा, अशी ही पद्धत.

कल्पना खरी आहे. शेक साधारण ६ ते ७ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस चालतो. तेवढ्यात गाठ आक्रसते, वजन उतरते, कानाखालच्या लाळग्रंथी लहान होऊन आतल्या बाजूला सरकतात. आराखडा मात्र सुरुवातीच्या सी.टी. स्कॅनवर बेतलेला! मग लाळग्रंथींना ठरल्याहून जास्त किरण लागू शकतात. लाळ आटली की भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नाही, दात किडतात.

तरीही कर्ज काढून त्या मशीनमागे धावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रान्समध्ये १३२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत निम्म्यांचा आराखडा दर आठवड्याला बदलला. २०२३ साली निष्कर्ष आले : सरसकट तसे केल्याने लाळेत फरक पडला नाही. आराखडा बदलण्याची गरज काहींनाच असते, असे मला वाटते.

ते ओळखायला महागडे मशीन लागत नाही. शेक देताना चेहऱ्यावर बसवतात तो प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा ढिला झाला, हे रुग्णालाच आधी कळते. पण डॉक्टर रागावतील म्हणून आपली माणसे गप्प बसतात. बोला! दर आठवड्याला वजन करून घ्या. झपाट्याने उतरत असेल, तर "पुन्हा सी.टी. करून प्लॅन बदलायचा का?" असे विचारा. गिळवत नसेल, तर नाकातून नळी घालायला नाही म्हणू नका. नळी म्हणजे शेवट, हा गावोगावचा समज साफ चुकीचा आहे.

आणि खाडे. पेरणी, घरचे लग्न, एस.टी. चुकली... कारणे खरी असतात, पण खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. उपचार लांबला, तर दर दिवसामागे आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे १ टक्क्याने घटते, असे मानले जाते. तोंड सोलून निघाले म्हणून चौथ्या आठवड्यात घरी परतणारे कितीतरी आहेत. शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसेल, तर रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच दिवशी भेटा.