आठ लाखांची अट आणि बाबासाहेबांचे लंडन

"चांगली नोकरी आहे ना? मग आता या वयात परदेशात शिकायला कशाला?" हा प्रश्न शीवच्या प्रतीक्षानगरापासून धारावीपर्यंत आपल्या अनेक तरुण-तरुणींना ऐकावा लागतो. बँकेत, विमा कंपनीत, ऑडिट फर्ममध्ये सात-आठ वर्षे काम करून फायनान्सची मास्टर्स पदवी परदेशातून घ्यावी, असे त्यांना वाटते. घरचे म्हणतात, ही हौस आहे. चळवळीतले काही जण म्हणतात, हा करिअरवाद आहे. सरकार म्हणते, तुम्ही आता गरीब राहिला नाहीत. तिघांनाही आमचे सांगणे आहे की आधी बाबासाहेबांचा 1920 सालचा निर्णय नीट समजून घ्या.

1918 च्या नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. कोलंबियाची एम.ए. मिळाली होती, सरकारी कॉलेजातली प्रतिष्ठेची नोकरी होती, परळच्या बीआयटी चाळीत संसार होता. तरीही 1920 मध्ये ही नोकरी सोडून ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये परतले. वय 29. 1921 मध्ये त्यांनी एम.एस्सी. केली, तीही प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावर प्रबंध लिहून. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. मिळवली. म्हणजे अनुभवी नोकरदाराने नोकरी सोडून परदेशात वित्ताचा अभ्यास करणे, ही वाट आपल्याला नवी नाही.

पण ते एकट्याच्या हिमतीवर गेले, असे भाषणात सांगणारे अर्धेच सांगतात. स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती, मित्र नवल भथेनांचे कर्ज होते आणि चाळीत हलाखीत संसार ओढणारी रमाई होती. आज आपल्या मुलांच्या मागे कोण उभे आहे?

केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत देशभरात 125 जागा, त्यांतल्या 115 अनुसूचित जातींसाठी. वय 35 च्या आत हवे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत. हिशोब करा. नवरा-बायको दोघेही महिना 35 हजार कमावत असतील, तर वर्षाला 8 लाख 40 हजार होतात. झाले, दोघेही बाद! आणि निवड झाली तरी पैसे मिळतीलच असे नाही. 2025 मध्ये निवडलेल्या 106 जणांपैकी आधी फक्त 40 जणांना पत्रे दिली गेली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाला तर देऊ, असे सांगितले गेले. परदेशी विद्यापीठाची प्रवेशाची मुदत आपल्या मंत्रालयाच्या निधीसाठी थांबत नाही.

आपलेच काही मित्र विचारतात, कमावत्या माणसाला शिष्यवृत्ती दिली तर गरिबाची जागा जाणार नाही का? प्रश्न प्रामाणिक आहे. पण उत्पन्न म्हणजे संपत्ती नव्हे. लंडनच्या नामांकित संस्थेत फायनान्सच्या एका वर्षाची नुसती फीच 40 लाखांच्या पुढे जाते. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते. सवर्ण सहकाऱ्याकडे गावची जमीन असते, वडिलांचा फ्लॅट असतो. म्हाडाच्या संक्रमण शिबिरात राहणारा आपला तरुण काय गहाण ठेवणार? पगार सारखा असला तरी पिढ्यांचा साठा सारखा नसतो. म्हणूनच शिष्यवृत्तीकडे गरिबी हटवण्याची योजना म्हणून पाहू नका. ज्ञानाच्या आणि निर्णयाच्या जागी प्रतिनिधित्व देणारे ते साधन आहे. गरिबाची जागा जाऊ नये, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणून जागा वाढवा, आम्हाला आपापसांत झुंजवू नका.

आता चळवळीतल्या मित्रांना. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांमुळे झाली, हा मेसेज आपण दर 14 एप्रिलला फॉरवर्ड करतो. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' उघडून वाचलेले किती? 2025 च्या मे महिन्यात लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये वळवले गेले. आपण निषेधाची पत्रके काढली, ते योग्यच केले. पण अर्थसंकल्पातले कोणते लेखाशीर्ष, कोणता निधी, कोणत्या नियमाने हलला, हे आकड्यांनिशी मांडणारे आपल्यात किती होते? कर कोण गोळा करतो आणि खर्चाचा अधिकार कोणाकडे राहतो, हाच बाबासाहेबांच्या प्रबंधाचा विषय होता. शीवपासून हाकेच्या अंतरावर बीकेसीत सेबी आहे, राष्ट्रीय शेअर बाजार आहे. तिथे आपली मुले बॅक ऑफिसात आहेत. जिथे धोरण ठरते त्या टेबलावर ती का नसावीत?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नोकरदार उमेदवारांसाठी वेगळ्या, वाढीव जागा द्या आणि त्यांना 8 लाखांची अट लावू नका. वयाची मर्यादा वाढवा. निवड झालेल्या प्रत्येकाला प्रवेशाच्या मुदतीआधी पत्र द्या. तारण नसलेल्यांच्या शैक्षणिक कर्जाला सरकारने हमी द्यावी.

आणि जाणाऱ्यांनो, एजंटच्या रंगीत पत्रकावर विसंबून घर कर्जात बुडवू नका. संस्था, फी, परतफेड यांचा हिशोब आधी मांडा. जा, शिका, चांगला पगारही घ्या. पण दरवर्षी अर्थसंकल्प आला की एक रविवार वस्तीतल्या विहारात बसा आणि आपला पैसा कुठे गेला ते समाजाला समजावून सांगा. समाजाचे ऋण फेडण्याची याहून नेमकी रीत आम्हाला दिसत नाही.

जय भीम!