टाकीत माणूस उतरवू नका

उमरेडच्या वस्त्यांत सेप्टिक टँक तुंबला की आधी कुणीतरी अ‍ॅसिडची बाटली ओततो. तेवढ्याने भागले नाही, तर चार पैसे देऊन एखाद्या पोराला आत उतरवायची बोलणी सुरू होतात. ते पोर बहुतेक आपल्यातलेच असते.

टाकीत खरे काम सूक्ष्मजीव करतात. काही जिवाणू घट्ट मैला फोडून त्याची आम्ले करतात, दुसरे सूक्ष्मजीव त्या आम्लांपासून मिथेन बनवतात. मिथेनवाले सावकाश वाढतात आणि नाजूक असतात. वरचेवर अ‍ॅसिड, फिनाईल ओतले की ते मरतात, मैला कुजत नाही आणि टाकी लवकर भरते. बाजारातली जिवाणूंची पुडी आणायचीही गरज नसते. मैल्यातच ते भरपूर असतात.

दीक्षाभूमीपासून जवळच असलेल्या 'नीरी'त (स्थापना 1958) सांडपाण्यातल्या या सूक्ष्मजीवांचा अभ्यास चालतो. पूर्वी ते काचेच्या बशीत वाढवून ओळखावे लागत, आणि बहुतेक जाती तिथे वाढतच नसत. आता गाळातून सरळ डीएनए काढून तिथे कोण कोण राहते ते वाचता येते. नीरीच्या 'फायटोरिड' पद्धतीत तर पाणवनस्पती आणि त्यांच्या मुळांवरचे जिवाणूच सांडपाणी स्वच्छ करतात. हे ज्ञान नागपूरहून उमरेडला यायला इतका वेळ का लागावा?

तरीही जिवाणू सगळा मैला संपवत नाहीत. तळाशी गाळ उरतो आणि दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतोच. तो मशीनने उपसावा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. तो जास्त झाला की नाकच बधिर होते, वास येत नाही, म्हणून उतरणाऱ्याला धोका कळत नाही. वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

2013 च्या कायद्याने गडर आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला माणूस लावणे गुन्हा आहे. त्यातून घरमालकही सुटत नाही, आपल्या समाजाचा असला तरी. गडर सफाईत मृत्यू झाल्यास 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 20 ऑक्टोबर 2023 ला सांगितले. आम्हाला ती भरपाई घ्यायची वेळच यायला नको आहे.

टाकी उपसणाऱ्या गाडीचा फोन नंबर आणि दर नगर परिषदेने प्रत्येक विहाराच्या फलकावर लावावा, एवढीच आमची मागणी आहे. तोवर अ‍ॅसिडची बाटली आपण आपल्या घरापासून बंद करू.