चुकलेल्या प्रश्नांचा विचार

आर्थिक दृष्ट्या दुर्बल घरांतील आठवीच्या मुलांकरितां घेतली जाणारी 'एन. एम. एम. एस.' शिष्यवृत्ती परीक्षा आपल्या नंदुरबार जिल्ह्यास विशेष महत्त्वाची आहे. केंद्र सरकारनें ही योजना २००८ सालीं सुरू केली. निवड झालेल्या व पुढील अटी पाळणाऱ्या विद्यार्थ्यास २०१७ पासून वर्षाला १२,००० रुपये मिळतात. नववी ते बारावी मिळून ४८,०००. ज्या घरचीं माणसें ऊसतोडीस गुजराथेंत जातात, तेथें एवढ्या रकमेनें एखादें मूल शाळेंत टिकतें.

बौद्धिक क्षमता व शालेय क्षमता असे ९०-९० प्रश्नांचे दोन पेपर या परीक्षेस असतात. तयारीसाठीं मुलें सरावाच्या प्रश्नपत्रिका ढिगानें सोडवितात; परंतु गुण मोजले कीं वही मिटते. ही रीत आम्हांस निष्फळ वाटते. पथारीवर मिरची पसरली म्हणजे काम संपलें असें नंदुरबारांत कोणी म्हणत नाहीं. ती उलटावी लागते, डागी मिरची निवडून काढावी लागते. सोडविलेल्या प्रश्नांचेंही तसेंच आहे.

उदाहरण घेऊं. वस्तूची किंमत शेंकडा २० वाढली व मग शेंकडा २० उतरली, तर एकंदर फरक किती? 'कांहीं नाहीं,' असें पुष्कळ मुलें लिहितात. उत्तरसूचींतील 'शेंकडा ४ घट' एवढेंच उतरून घेणारा, २० च्या जागीं १० आले कीं पुन्हां अडतो. परंतु १०० चे १२० झाले, आणि पुढची घट १२० वर धरल्यानें ९६ उरले, हें ज्यानें स्वतः मांडून पाहिलें, तो 'शेंकडा १ घट' हें उत्तर सहज काढतो.

म्हणून प्रत्येक चुकीपुढें तिचें कारण लिहावें: विषय ठाऊक नव्हता, घाई झाली, कीं प्रश्नांतील 'नाहीं' हा शब्द नजरेंतून सुटला? घरीं भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांनीं प्रश्नाची भाषा नीट उमगली होती कीं नाहीं, हेंही पाहावें. अंदाजानें बरोबर आलेलें उत्तर चुकींतच धरावें. आठ दिवसांनीं तेच प्रश्न, उत्तरें न पाहतां, पुन्हां सोडवावे.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, "गुण किती पडले?" याऐवजीं "कोठें चुकलें, आणि कां?" असें मुलांस विचारावें. त्यासाठीं स्वतः शिकलेलें असण्याची गरज नाहीं. ज्या मुलास चूक आईबापांना समजावून सांगतां आली, त्यास ती समजली असें खुशाल मानावें. दहा पेपर उरकण्याहून एक पेपर नीट तपासणें अधिक मोलाचें, असें आमचें मत आहे.