शेवंतीमागचे हात

आयरिसच्या मोठ्या, झालरदार जातींना हिवाळ्याचा कडाका लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या नागपुरात त्यांचं बस्तान बसणं अवघड. इथल्या फूलवेड्यांनी जीव लावला तो शेवंतीला.

शेवंतीच्या प्रदर्शनातली गर्दी सगळ्यांना दिसते, त्यामागचं वर्ष दिसत नाही. उन्हाळ्यात मातृरोपं सावलीत जगवायची, पावसाळ्यात छाटकलमं लावायची, शेंडे खुडायचे, काडीचा आधार द्यायचा. दिवस आखूड झाले की रोप कळ्या धरतं. मोठं फूल हवं तर फांदीवर एकच कळी ठेवायची, बाकीच्या काढून टाकायच्या. नव्या माणसाचा हात इथे हमखास थरथरतो. शेजारी उभं राहून कुणालातरी म्हणावं लागतं, "खुडा, काही होत नाही."

असं म्हणणारी माणसं म्हणजे नागपूर गार्डन क्लबसारख्या संस्थांचे बिनपगारी कार्यकर्ते. वर्गणी गोळा करणं, मांडव, परीक्षकांची सरबराई हेही त्यांच्याच अंगावर. आणि या सगळ्यात घरच्या कुंड्यांना पाणी घालायचं राहून जातं. त्यांचे केस आता पिकले आहेत. यंदा क्लबच्या बैठकीला तिशीतले चार चेहरे दिसावेत, ही माझी मनापासूनची विनंती. कलमं जुलैत निघतील. कुंडी घेऊन या.